आयटीआयची परीक्षा नाटक आहे म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री ताईने एक मेसेज पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "ह्यां खरां काय रे?" दोन दिवसांत तोच मेसेज मला वाडीच्या ग्रुपवर आला आणि एका गिऱ्हाइकाकडूनही. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आयटीआयची परीक्षा निव्वळ नाटक आहे. थिअरी म्हणजे कॉम्प्युटरवर चार पर्यायांतला एक निवडायचा, प्रॅक्टिकलला सगळेच पास, ३३ टक्क्यांना सर्टिफिकेट. खरा कारागीर कामावर घडतो, हाताला सगळं कळतं, त्याला थिअरी लागत नाही. तेव्हा पोराची दोन वर्षं फुकट घालवू नका, आजच कामाला लावा. कागद नंतर पैसे टाकून मिळतो.

माझा भाचा इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेसेज वाचल्यापासून त्याचं सुरू झालंय की तारकर्लीला एका होमस्टेच्या वायरिंगवर रोज सातशे मिळतात, तर परीक्षेला बसू कशाला? मी स्वतः आयटीआय करून बावीस वर्षं सिंधुदुर्गात वायरिंगची कामं घेतो. म्हणून राहवलं नाही.

३३ टक्क्यांचं आधी संपवतो. डीजीटी, म्हणजे केंद्राचं प्रशिक्षण महानिदेशालय, प्रत्येक ट्रेडचा अभ्यासक्रम प्रसिद्ध करतं. तो इंटरनेटवर फुकट मिळतो आणि त्यात परीक्षेचे नियम स्पष्ट लिहिलेले आहेत. प्रॅक्टिकल आणि वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन या दोन्हींत पास व्हायला ६० टक्के लागतात. ३३ टक्के बाकीच्या विषयांना. मेसेज लिहिणाऱ्याने अर्धं वाक्य उचललं आणि अर्धं सोडून दिलं. पण ३३ ही मर्यादा मलाही कमी वाटते, हे कबूल करतो. चार पर्याय असले की डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी चौथा हिस्सा बरोबर येतो, म्हणजे पास व्हायला त्याच्यापुढे फार काही लागत नाही. ही तक्रार कुणी केली असती तर मी सही केली असती. पण पास व्हायची रेघ खाली आहे, तर ती वर न्या म्हणायचं. परीक्षाच नको हे त्यातून कसं निघतं?

"प्रॅक्टिकलला सगळेच पास." इथे मला खोटं बोलता येणार नाही. वर्षभराचे जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये हाताने करायची कामं, आणि डायऱ्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी एका बैठकीत भरलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. अशा ठिकाणी मेहनती पोराचं आणि टवाळ पोराचं वजन एकच होतं, आणि त्याची मला आजही चीड आहे. पण ही पद्धत नव्हे, पद्धतीची चोरी आहे. त्याच अभ्यासक्रमात पुराव्यांची यादी दिलीय: वर्कशॉपमध्ये केलेला जॉब, रोजची डायरी, तोंडी परीक्षा, प्रगती तक्ता, हजेरी, प्रोजेक्ट. हे सगळं पुढच्या परीक्षेपर्यंत तपासणीसाठी जपून ठेवायचं असतं. बाहेरून आलेल्या परीक्षकानेही प्रॅक्टिकलचे मार्क देण्याआधी त्या मुलाची नोंद बघायची असते. ६० ते ७५ टक्क्यांच्या गटात कोणाला बसवायचं तेही शब्दांत सांगितलंय: हत्यारं नीट वापरतो, मापात बऱ्यापैकी अचूक आहे, कामात सफाई आहे, अधूनमधून मदत लागते. आईबापांनी संस्थेत जाऊन "माझ्या पोराची जॉब फाईल दाखवा" म्हणावं. मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आता मला ज्याचा खरा राग आला ते. "हाताला सगळं कळतं, थिअरी लागत नाही."

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मला एका सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, घरी बोलावलं. चाकरमानी आलेले, घर भरलेलं, आणि फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. वायरिंग करणारा पंधरा वर्षांचा अनुभवी. हात सुंदर, बोर्डातल्या वायरी विणल्यासारख्या लावलेल्या. पण ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की पडून वीज तोडणारा स्विच, बायपास केलेली. का, तर पावसात सारखी पडायची आणि घरवाले कटकट करायचे. आणि अर्थिंगची वायर जांभ्याच्या भिंतीत ठोकलेल्या एका खिळ्याला गुंडाळलेली.

त्या माणसाला त्याच्या अनुभवाने काय शिकवलं? तक्रार बंद कशी करायची ते. ईएलसीबी पडते म्हणजे कुठेतरी ओल शिरून करंट गळतोय, हेच ती सांगत होती. त्याने सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं.

आणि अर्थिंग हाताला कळतच नाही. सड्यावरचा कातळ उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, करंट सहजी जमिनीत जाऊ देत नाही. समजा त्या अर्थिंगचा रोध ५० ओहम आहे. फ्रिजच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर करंट जाईल. समोर १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, बसलाय. ४.६ ला तो हलणारसुद्धा नाही. दिवे चालू, पंखे चालू, सगळं ठीक दिसतंय आणि फ्रिजची बॉडी जिवंत आहे. तिथे जीव वाचवते ती ३० मिलिअँपिअरला पडणारी ईएलसीबी, जी याने काढून टाकली होती. हा सातवीतल्या पोराला येणारा भागाकार आहे. पण तो करावा लागतो हे कळायला ओहमचा नियम, अर्थिंगचा रोध मोजणारा अर्थ टेस्टर आणि एमसीबी नेमका कशाला पडतो हे शिकावं लागतं. ते आलंय का, हे विचारल्याशिवाय समजत नाही. विचारणं म्हणजेच परीक्षा.

दुसरं उदाहरण जनरेटरचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं आणि दापोली-मंडणगडकडच्या गावांत वीज यायला कित्येक दिवस लागले. अशा वेळी लोक जनरेटर आणून सरळ घरच्या सॉकेटमध्ये लावतात. मध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाईनला किंवा जनरेटरलाच जोडणारा स्विच, नसेल तर तो करंट उलटा ट्रान्सफॉर्मरकडे जातो आणि पलीकडे ११ हजार व्होल्टच्या लाईनवर चढू शकतो. तिथे लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर असतो. हे कुणाच्याही हाताला अनुभवाने कळायचं तर आधी कुणीतरी मरावं लागेल. चार पर्यायांच्या एका प्रश्नात हे विचारता येतं. त्या प्रश्नाला नाटक म्हणू नये.

लेखी परीक्षेतून हात कळत नाही, हे बरोबर. पर्याय निवडायला लावण्यापेक्षा सर्किट काढायला लावलं आणि "हे असं का?" विचारलं तर पोरगा जास्त उघडा पडतो. म्हणूनच प्रॅक्टिकल आणि तोंडी आहे. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

"कामाला लावा" यालाही माझा विरोध नाही. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, पोराने आयटीआय झाल्यावर अप्रेंटिस म्हणून जावं, विद्यावेतनही मिळतं. ज्यांनी आयटीआय केलंच नाही पण काम येतं, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आरपीएल आहे, म्हणजे आधीच अंगात असलेल्या कौशल्याला मान्यता. पण तिथेही मूल्यमापन होतंच. अनुभव आहे असं नुसतं सांगून भागत नाही.

आणि "कागद पैसे टाकून मिळतो" याला काय उत्तर देऊ? आयटीआयच्या प्रमाणपत्राची पडताळणी ऑनलाइन होते. कंपनीत दाखल होताना पोरगा पकडला गेला तर एजंट फोन उचलणार नाही.

ताई, त्याला रविवारी सकाळी माझ्याकडे पाठव. त्या सड्यावरच्या घरी नवं अर्थिंग मी केलंय, पण उन्हाळ्यात त्याचं रीडिंग पुन्हा घ्यायचं राहिलंय. अर्थ टेस्टर तो लावेल, आकडा त्याच्या डायरीत लिहील आणि भागाकार मला करून दाखवेल. मग तारकर्लीचं बोलू.