‘कोल्हापूरला जाऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला एका कोल्हापूरकरणीचं उत्तर

गेल्या आठवड्यात अमरावतीहून एका आजोबांचा फोन आला. महाराष्ट्र एक्स्प्रेसची तिकिटं काढून झाली होती, आमच्याकडच्या दोन खोल्या ठरल्या होत्या. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा असा तीन दिवसांचा बेत. म्हणाले, "ताई, खोल्या रद्द करा. सुनेनं मेसेज दाखवला. लहान लेकरं आहेत बरोबर, उगाच जोखीम कशाला?" तो मेसेज मी मागवून घेतला. तोवर तो आमच्या भिशीच्या ग्रुपवरही येऊन पडला होता.

त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. कोल्हापुरात टोळ्यांचं राज्य आहे, भर रस्त्यात कोयत्यानं माणसं कापतात. दंगली होतात. देवळाच्या गर्दीतून मुलं पळवणारी टोळी फिरते. अंधार पडला की बायकांनी रंकाळ्यावर पाऊल ठेवू नये. पोलीस काही करत नाहीत. तेव्हा यंदा सुट्टीला दुसरीकडे जा.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात यात्रेकरूंना खोल्या देतो, म्हणजे माझं पोट यावर आहे, हे आधीच सांगते. पण माझं माहेर, सासर, मुलींची शाळा सगळं याच गावात आहे. इथे भीती कुठे आहे आणि कुठे नाही, हे मला रोज ठरवावं लागतं.

कोयत्याचं आधी बोलू, कारण ते खोटं नाही. इथे खून होतात. ‘पूर्ववैमनस्यातून’ आणि ‘वर्चस्ववादातून’ हे शब्द आमच्या स्थानिक पेपरात नको इतके वाचायला मिळतात. वीस-बावीस वर्षांची पोरं, हत्यार हातात घेऊन काढलेलं रील, त्यावरून धरलेली खुन्नस, मग एका रात्री पाठलाग. पण मारणारा आणि मरणारा एकमेकांना नावानं ओळखत असतात. बऱ्याचदा एकाच गल्लीत वाढलेले असतात. आणि हे फक्त आमच्याकडेच आहे असंही नाही. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाच्या, नोंदीनुसार २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे दाखल झाले. त्यांतले ९,९६२ वादावादीतून आणि ३,७६१ वैरातून. पैशासाठी किंवा दुसऱ्या कसल्या लाभासाठी झालेले १,८८४. अनोळखी पाहुण्याला लुटून मारणं या शेवटच्या गठ्ठ्यात येईल, आणि त्यातही सगळे तसले नसतात.

या गावाच्या काळजाला घर पाडणारा खून होता कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांचा, आमच्या अण्णांचा. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी ते आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून घराकडे येत असताना दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला अण्णा गेले. झाडणाऱ्यांना कोणाला मारायचंय हे पक्कं माहीत होतं. त्या रस्त्यावरून जाणारा कुणीही सापडला असता असं ते नव्हतं.

मेसेज लिहिणाऱ्याचा मला राग येतो तो इथे. जी पोरं मेली त्यांच्या आया इथेच राहतात, आमच्याच नळाला पाणी भरतात. त्यांच्या मरणाचा जाब आम्ही कोल्हापूरकरांनी विचारायचा आहे, पोलिसांना, नगरसेवकांना, आणि ज्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकांत फलक लागतात त्यांनाही. ते मरण कुणाच्या सहलीचा बेत मोडायला वापरावं, इतकं स्वस्त नाही.

आता दंगल. ७ जून २०२३ ला शिवाजी चौकात काय झालं ते मी जवळून पाहिलं. समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून बंदची हाक, जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, आणि मग इंटरनेट बंद. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात लोकांची घरं आणि मशीद फोडली गेली. दोन्ही गोष्टींची मला कोल्हापूरकर म्हणून लाज वाटते. शाहू महाराजांचं नाव घेणाऱ्या गावात हे व्हायला नको होतं. पण पाहुण्यांचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही वेळा हाक आधी दिलेली होती आणि गावात सगळ्यांना कळलेली होती. घरं मोडली ती गजापूरच्या माणसांची. बंदची हाक असेल तर त्या दिवशी येऊ नका, विशाळगडाला निघण्याआधी तिथे निर्बंध आहेत का ते विचारा. हे सांगायला आम्ही लोक फोनवर असतोच. एका दिवसासाठी अख्खं गाव वर्षभर टाळायचं, हे मला पटत नाही.

मुलं पळवणाऱ्या टोळीवर मला जास्त बोलायचंय, कारण ही अफवा सगळ्यात घातक आहे. तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. गावित मायलेकींचं प्रकरण आमच्या पिढीनं कधी विसरलं नाही. १९९० ते १९९६ च्या दरम्यान त्यांनी मुलं पळवली आणि त्यांतल्या काहींचा जीव घेतला. चोरी करताना पकडलं गेलं तर कडेवरच्या मुलाकडे बघून लोक सोडून देतील, एवढ्यासाठी. १९९६ ला अटक झाली, २००१ मध्ये कोल्हापूरच्याच न्यायालयानं त्यांतल्या दोघी लेकींना फाशी सुनावली, २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं त्या फाशीची जन्मठेप केली. माझी आई त्या काळात देवळात माझं मनगट इतकं घट्ट धरायची की वळ उठायचे. म्हणजे ही भीती मी हसण्यावारी नेत नाही.

पण ‘टोळी आली आहे’ या मेसेजनं काय होतं तेही याच महाराष्ट्रानं पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे होते बिचारे. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून बदडलं. एका मुलाला रस्ता विचारला, एवढंच त्यांनी केलं होतं. परगावच्या माणसाला वाट विचारणं महाग पडलं ते अशाच अफवेमुळे. तो मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकानं एवढं एकदा वाचावं.

नवरात्रात देवळात लेकरू हरवू शकतं, ते गर्दीमुळे. त्याच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहून ठेवा. गळ्यातलं गंठण घरी ठेवा किंवा पदराआड घ्या, कारण दागिने आणि पाकिटं मारणारे मात्र खरंच असतात.

रंकाळ्याबद्दल. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्या, फिरायला आलेली म्हातारी माणसं, पळणारी पोरं, यांत माझ्या मुली असतात आणि मला त्याची धास्ती नसते. रात्री उशिरा, गाड्या उठल्यावर, काठाच्या सुनसान बाजूला मी त्यांना पाठवत नाही. तुम्हीही जाऊ नका. कुठल्याही गावात हेच सांगेन. कुणी त्रास दिला तर ११२ ला फोन लावा आणि जवळच्या गाडीवाल्याला हाक मारा.

पोलीस काहीच करत नाहीत, हे सरसकट विधान आहे. हद्दपारी होते, टोळ्यांवर मोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लागतो, पकडलेल्या पोरांच्या रस्त्यातून वराती काढल्या जातात. त्यानं पोरं सुधारतात का, यावर मी वाद घालीन, पण काहीच होत नाही हे खरं नाही.

आता त्या मेसेजमध्ये एक ओळही नाही ते सांगते. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून कोल्हापूरला येणारी पुणे जिल्ह्यातल्या कुटुंबांची मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. तेरा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. ब्रिटिशांच्या काळातला तो अरुंद पूल, आणि शेजारी पर्यायी पूल कायद्याच्या अडचणीत तेव्हा वर्षानुवर्षं अर्धवट उभा होता. तेरा पाहुणे एका क्षणात गेले, आणि कुणाच्या हातात कोयता नव्हता. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, म्हणजे खुनाच्या गुन्ह्यांच्या जवळजवळ सहापट. आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावडा इथे पावसाळ्यात धुकं असं उतरतं की पुढची गाडी दिसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला होता. कोल्हापूरला येणाऱ्यानं काळजी करावी ती याची. रात्रभर गाडी हाकून पहाटे दर्शन, आणि लगेच परत, असं करणारी कुटुंबं आमच्याकडे येतात. लाल डोळ्यांचा ड्रायव्हर बघून माझ्या पोटात गोळा येतो. अशांना मी चहा देऊन दोन तास झोपायला लावते.

आजोबांना मी यातलं बरंचसं फोनवर सांगितलं. त्यांचं तर रेल्वेचं तिकीट आहे, म्हणजे घाट नाही की रात्रीचं ड्रायव्हिंग नाही. पन्हाळ्याला दिवसा जा, सज्जाकोठीच्या कठड्यावर मुलांना चढू देऊ नका, देवळात पहाटे जा, गर्दी कमी असते. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "सुनेशी बोलतो आणि परवा कळवतो."

आज तो परवा. खोल्या मी अजून दुसऱ्या कुणाला दिलेल्या नाहीत.