वरून रंग, आतून ओल

फ्लॅटची जाहिरात म्हणते, 'फुल्ली रिनोव्हेटेड, दादर वेस्ट, स्टेशनपासून पाच मिनिटं.' ही पाच मिनिटं पहाटेची असतात. संध्याकाळी सातला रानडे रोडवरून निघा, म्हणजे कळेल. पण ते मुंबईकराला सांगावं लागत नाही. 'रिनोव्हेटेड'ला मात्र शहाणी माणसंही भुलतात, म्हणून हा प्रपंच.

नूतनीकरण राहायला केलेलं वेगळं आणि विकायला केलेलं वेगळं. राहायला केलेल्यात पैसा भिंतीच्या आत जातो. विकायला केलेल्यात तो भिंतीवर लागतो आणि आपल्याकडूनच वसूल होतो.

फ्लॅट बघायला जाताना खिशात रुपयाचं नाणं, एक गोटी, टेप आणि टॉर्च असावा, या मताचा मी आहे. एजंट हसतो. हसू द्यावं.

नाण्याने टाइल्स ठोकत जायचं. भरीव 'टक' आला तर बरं. 'ठप' आला तर खाली माल नीट भरलेला नाही. जुन्या टाइलवरच नवी चिकटवली असेल तर दार चुगली करतं: फरशी वर आल्याने ते खालून रंधा मारून आखूड केलेलं असतं आणि कापलेल्या कडेला पॉलिश नसतं. गोटी बाथरूममध्ये सोडायची. मिस्त्रीलोक फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ढाळ देतात. तेवढ्यावर गोटी निमूट नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, जाते. ती कमोडमागच्या कोपऱ्यात जाऊन बसली, तर उद्या पाणीही तिथेच बसणार आणि सांध्यातून खाली उतरणार. इटालियन फिनिशची टाइल ढाळाला काही करू शकत नाही.

फॉल्स सीलिंग हॉलमध्ये असेल तर हौस म्हणा. बाथरूममध्ये असेल तर पॅनेल सरकवून टॉर्च मारा. वरच्यांचे पाइप झाकायला ते लागतं, हे खरं. पण स्लॅबवर तपकिरी चट्टे किंवा उघडी सळई दिसली तर प्रकरण रंगाच्या पलीकडचं आहे. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा ढकलून देते. खोलीत एकाच भिंतीला वॉलपेपर असला की एजंट तिला 'हायलाइटर वॉल' म्हणतो. आपण त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघायचं. बहुधा बाथरूमच असतं. अशी घरं दिवाळीनंतर फार देखणी दिसतात. खरी बघायची तर जुलैत.

सिंकखालचं कपाट उघडून तळाशी बोट दाबा. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी, असेल तर भिजलेल्या बिस्किटासारखं फुगलेलं लागेल. डीबी बॉक्समध्ये, म्हणजे घरातल्या मेन स्विचच्या पेटीत, 'टी' लिहिलेलं बटण असलेला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का बघा. ते बटण दाबल्यावर वीज गेली पाहिजे. एसीच्या पॉइंटला ४ स्क्वेअर एमएमची वायर हवी. बोर्ड नवा चकचकीत आणि आत तीच जुनी दीड एमएमची, हा प्रकार फार चालतो, कारण बोर्ड दिसतो आणि वायर दिसत नाही. आणि 'ओपन किचन' ऐकलं की विचारा, पाडलेली भिंत कोणती होती आणि सोसायटीची परवानगी कुठे आहे. उत्तर देण्याआधी एजंटला हमखास फोन येतो.

मग टेप. जाहिरातीतले ६५० चौरस फूट बिल्ट-अप, म्हणजे भिंतींची जाडी धरून, असतात; आपण झोपतो कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर. भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. बाल्कनी आत घेतलेली असेल तर ती मंजूर नकाशात तशी आहे का, हेही बघा.

कागदांचं थोडक्यात: स्टॅम्प ड्यूटी ६ टक्के, बायकोच्या एकटीच्या नावावर ५, रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त ३०,००० रुपये. फ्लॅट नावावर करून देताना सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही, तरी 'डेव्हलपमेंट फंडाला स्वेच्छेने' म्हणून मागतात. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल, मागा.

सगळ्यात शेवटी, एजंट लिफ्टकडे वळला की जिन्याने एक मजला खाली उतरायचं आणि बेल वाजवायची. खालचे काका हा शहरातला सर्वांत चोख तपासनीस. बाथरूमचं छत विचारलंत तर ते तारीखवार फोटो दाखवतील. घरातल्या संडास-मोरीची गळती ज्याच्या घरातून होते त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची, हा सोसायटीचा उपविधीही त्यांना तोंडपाठ असतो. फक्त एक ध्यानात ठेवा. आपण घर घेणार असं कळलं की काकांचा सूर अचानक मवाळ होतो. "तसं काही विशेष नाही हो, थोडं ठिबकतं. तुम्ही घ्या. तुम्ही माणूस बरे दिसता, तुम्ही तरी दुरुस्त कराल."