मावशींचा दाखला मिळेल, भाच्याचं काय?

फौंड्रीच्या गेटमधून आत जायला पोलिसांचा दाखला लागतो. पाळणाघरात दीड वर्षाच्या पोराला मांडीवर घेऊन भरवायला लागत नाही. आपल्या कोल्हापुरातली ही परिस्थिती आहे आणि त्यावर आज जरा लांबण लावणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढं सरकावं, राग नाही.

मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसला काम करते. ठेकेदाराचा नवा माणूस आला की त्याची कागदपत्रं माझ्या टेबलावर येतात. आधार, फोटो, पासबुकची झेरॉक्स आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला. दाखला नसेल तर गेटपास नाही. मग ठेकेदार फोन करून कितीही "मॅडम, उद्या देतो की" म्हणू दे. सिक्युरिटीवाल्यांचं तर कायद्यातच आहे, खाजगी सुरक्षा एजन्सींचा 2005 चा कायदा. पूर्वचरित्र तपासल्याशिवाय गार्ड ठेवताच येत नाही. थोडक्यात, आमच्या यार्डात पडलेल्या कास्टिंगची राखण कोण करतो हे पोलिसांना माहीत असतं.

माझ्या धाकट्या जावेची बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा तिच्यासाठी पाळणाघर शोधायला मीही तिच्याबरोबर फिरले. राजारामपुरी, शाहूपुरी, आर. के. नगर, कळंब्याची बाजू. (पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय मालकानं करायची असं 2017 पासून कायद्यात आहे. तिच्या कंपनीत ते कागदावरही नाही, आणि आमच्याकडं काय आहे ते विचारू नका.) सगळीकडं माहिती कशाची मिळाली? नाचणीचं सत्त्व देतो, इन्व्हर्टर आहे, भिंतीवर छोटा भीम काढलाय, मोबाइलवर कॅमेरा बघता येतो. मी शेवटी विचारायची, "मावशींची पोलीस पडताळणी झालीये का?" की समोरच्या बाईंचा चेहरा असा व्हायचा, जणू मी त्यांच्या घराण्यावरच बोट ठेवलंय.

"अहो वहिनी, आमच्या मावशी किती वर्षं हायत इथं. घरच्यासारख्या."

एका ठिकाणच्या बाईंनी मात्र मोठ्या उत्साहानं कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. "हे बघा, आम्ही सगळ्यांची आधारकार्डं घेतल्यात." आत तीन बायकांच्या आधारच्या झेरॉक्स, त्यातल्या एकीवर चहाचा गोल डाग. आता आधारवरून माणूस कोण ते कळतं, त्यानं पूर्वी काय केलंय ते कळत नाही. पण हे सांगेपर्यंतच आतल्या खोलीतून बर्मुडा घातलेला एक पोरगा बाहेर आला, विशीतला असेल. हॉलमध्ये रांगणाऱ्या एका बाळाला त्यानं उचललं, वर उडवलं, झेललं, परत खाली ठेवलं आणि फ्रिजमधनं पाण्याची बाटली घेऊन आत गेला. बाळ खिदळत होतं. मी विचारलं, हा कोण?

"भाचा माझा. एमपीएससीचा अभ्यास करतोय. इथंच असतोय."

पोरगा चांगलाच असेल. शंभरातले नव्याण्णव चांगलेच असतात, आणि बाळही त्याच्या ओळखीचं दिसत होतं. पण मला सांगा, दिवसभर त्या घरात वावरणाऱ्या या माणसाची पडताळणी कुठल्या नियमानं होणार? मावशींचा दाखला उद्या मागितला तर मिळेल. भाच्याचा मागायला तो कुठल्या हजेरीपटावरच नाही.

नियम काय म्हणतो ते सांगते, कारण बऱ्याच पालकांना आणि त्याहून जास्त पाळणाघरवाल्यांना तो आहे हेच ठाऊक नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा, पण त्याचे नवे नियम मार्च 2020 मध्ये आले. त्यातल्या तिसऱ्या नियमात लिहिलंय की मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, त्यात शाळा, पाळणाघर, खेळाच्या अकादमी सगळं आलं, आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठराविक काळानं करून घ्यायची. शिकवणारा असो वा झाडू मारणारा, कायम असो वा कंत्राटी. शिवाय त्यांना मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षणही द्यायचं. तारीख बघा, मार्च 2020. कागद निघाला आणि देश लॉकडाऊनमध्ये गेला. शाळा उघडल्या, पाळणाघरं उघडली, तो नियम काही कुणी उघडून बघितला नाही.

मग ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर झालं. शाळेच्या शिशुवर्गातल्या दोन लहान मुलींवर अत्याचार, आणि आरोपी शाळेतलाच कंत्राटी सफाई कामगार. लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा सरकारनं शाळांसाठी घाईनं आदेश काढला: कॅमेरे लावा, कर्मचाऱ्यांची पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा. पडताळणीचं चार वर्षांपूर्वीच्या नियमात जे होतं तेच परत सांगायला एवढं सगळं घडावं लागलं. आणि तो आदेश शालेय शिक्षण खात्याचा. घराच्या हॉलमध्ये चालणारं पाळणाघर शिक्षण खात्याच्या नजरेत शाळा नाही. मोजकेच कामगार असले की दुकाने-आस्थापना कायद्यात नुसती ऑनलाइन सूचना दिली की भागतं. किराणा दुकान टाकायचं असलं तरी तेवढंच लागतं.

"आमच्याकडं सगळ्या बायकाच हायत" हे तर मी इतक्यांदा ऐकलं की आता कान किटले. बाई आहे म्हणजे प्रश्नच मिटला! खारघरला 2016 साली एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाली, ती सांभाळणाऱ्या बाईनंच केली होती. आणि कोल्हापूरकरांनी तरी हे बोलू नये. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, ज्या लहान पोरं पळवायच्या, त्यांना चोरीसाठी वापरायच्या आणि नकोशी झाली की मारायच्या, त्यांचा खटला याच शहरात चालला. 2001 मध्ये दोन्ही मुलींना फाशीची शिक्षा इथल्याच कोर्टानं सुनावली. दोन्ही बहिणींची ती शिक्षा 2022 ला हायकोर्टानं जन्मठेपेत बदलली. पाळणाघरातल्या मावशींची आणि त्यांची तुलना करायला मी काही वेडी नाही. पण "बाईमाणूस आहे" हा पुरावा होत नाही, एवढं आपल्याइतकं कुणी जाणत नसेल.

कॅमेऱ्याचंही तसंच. खारघरच्या त्या पाळणाघरात कॅमेरा होताच. मुलीच्या अंगावर जखमा दिसल्यावर आईबापांनी फुटेज मागितलं, तेव्हा कळलं. कॅमेरा झालेलं दाखवतो, होणारं थांबवत नाही. आणि तो हॉलमध्ये असतो, आतल्या खोलीत नसतो.

आता दुसरी बाजू, कारण टाइम ऑफिसला बसून ती मला रोज दिसते. पडताळणी म्हटलं की गरीब माणसाच्या पोटात गोळा येतो. अर्ज ऑनलाइन आहे हे खरं. फोटो, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, नोकरी देणाऱ्याचं पत्र, वर थोडी फी. पण पुढं स्थानिक पोलीस ठाण्यातनं फोन येतो किंवा हवालदार दारात येतो. आमच्या कँटीनच्या एका मावशींच्या गल्लीत असाच हवालदार आला, नाव विचारत विचारत, तर अख्खी गल्ली दारात. "काय झालं गं? पोरानं काय केलं का?" मावशी दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "पोलिसांचा कागद कशाला पाहिजे ओ, आमी काय चोर हाय?" सासूनं तर चार दिवस टोमणे मारले म्हणे.

म्हणून माझं म्हणणं असं की हा अर्ज मालकिणीनं भरावा, फी मालकिणीनं द्यावी, आणि ठाण्यात जायची वेळ आली तर मालकिणीनं सोबत जावं. सहा-सात हजारांवर राबणाऱ्या बाईला "दाखला आण नायतर येऊ नको" म्हणणं ही पडताळणी नव्हे, ती कामावरून काढायची धमकी झाली. त्यातनं होतं काय? चांगली बाई अपमान वाटून सोडून जाते, आणि जिला खरंच लपवायचंय ती पुढच्या गल्लीतल्या, काही न विचारणाऱ्या पाळणाघरात रुजू होते.

पण मावशींचा कागद मागताना आपली जी हिंमत होते, ती मालकिणीच्या घरच्यांच्या बाबतीत कुठं जाते? घरगुती पाळणाघरात मालकिणीचा नवरा असतो, कॉलेजला जाणारा मुलगा असतो, दीर असतो, वरच्या मजल्यावर भाडेकरू असतो, संडास दुरुस्तीला आलेला माणूस असतो. मावशी चार दिवस यात्रेला गेल्या की त्यांची बहीण "तेवढ्यापुरती" येते. मुलांना ने-आण करणारे रिक्षामामा आहेत, ते आजारी पडले की त्यांचा मेहुणा रिक्षा चालवतो. आपल्या नियमात शब्द आहे कर्मचारी. ज्याला पगार नाही तो कर्मचारी नाही, आणि त्याला कुणी विचारत नाही. बालकांवरच्या अत्याचारांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, हे पोलिसांची आकडेवारी दरवर्षी ओरडून सांगते. तरी आपण अनोळखी मावशींकडं संशयानं बघतो आणि ओळखीच्या काकांकडं पोर सोपवून जातो.

हे काही फार अवघड मागणं नाही. माझी मावसबहीण अमेरिकेत पाळणाघरात नोकरीला लागली तेव्हा तिच्या बोटांचे ठसे घेतले, त्यांच्या एफबीआयपर्यंत तपासणी गेली. लैंगिक गुन्हेगारांची यादी, मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची यादी, मागच्या पाच वर्षांत ज्या ज्या राज्यात राहिली त्या प्रत्येक राज्याची नोंद. दर पाच वर्षांनी परत सगळं. हा त्यांचा 2014 चा केंद्रीय कायदा. त्याच्या 2016 च्या नियमांतलं मला सगळ्यात पटलेलं कलम असं, की पाळणाघर घरात चालत असेल तर त्या घरात राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी करायची. नवरा, सासरा, भाचा, सगळे. पगार असो नसो. तिथंही हे एका दिवसात झालं नाही. बऱ्याच राज्यांना मुदतवाढ घ्यावी लागली, त्यामुळं तिथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. पण कलम लिहिणाऱ्याला घर म्हणजे काय ते ठाऊक होतं.

आपल्याकडंही लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद 2018 पासून आहे. ती फक्त पोलिसांना बघता येते, आणि ते ठीकच आहे, नाहीतर गल्लोगल्ली झुंडी निघतील. पण त्यामुळंच अर्ज पोलिसांकडंच करावा लागतो. शेजारणीला विचारून भागत नाही.

आणि दाखला आला म्हणजे देव पावला असंही नाही बरं का. दाखल्यात येतं ते नोंद झालेलं. "पोरीचं नाव खराब होईल" म्हणून पंचांनी बसून मिटवलेलं त्यात येत नाही. जुन्या नोकरीतून "उद्यापासून येऊ नको" म्हणून गुपचूप काढलेलं त्यात येत नाही. आपण तर सीमेवरची माणसं. कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडीकडून रोज माणसं कामाला येतात, तिकडच्या पत्त्याचं इकडच्या ठाण्याला काय माहीत असणार? म्हणून मी आमच्याकडं एक गोष्ट कधी चुकवत नाही: आधीच्या ठिकाणी फोन. "किती वर्षं होता? का सोडलं? परत घ्याल का?" तिसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस थांबला की मला पुरतं. दाखल्यापेक्षा या फोननं जास्त माणसं अडवलीत. त्याला फी नाही, अर्ज नाही, आणि तरी तो कुठलंच पाळणाघर करत नाही.

पालकांना एवढंच म्हणेन की विचारताना लाजू नका. दहा आया विचारायला लागल्या की अकराव्या आईला फाइल न मागता दाखवतात. सरकारी तपासणी यायची तेव्हा येईल. आणि पाळणाघरवाल्यांनो, काही झालं आणि आपल्या संस्थेचं नाव जाईल म्हणून दाबून ठेवलंत, तर पोक्सोमध्ये संस्थाचालकाला त्यासाठी वर्षभरापर्यंतचा तुरुंगवास वेगळा आहे. बदलापूरला विश्वस्तांवरही गुन्हा दाखल झाला होता.

जावेच्या पाळणाघराचं म्हणाल, तर ठरलं. कसबा बावड्यातल्या एका बाईंकडं. पडताळणी त्यांचीही झालेली नव्हती. पण मी भाच्याची गोष्ट सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माझे मिस्टर रिटायर आहेत, दुपारी घरीच असतात. त्यांचा पण भरायचा का अर्ज?" मिस्टर आतून ओरडले, "माझ्या घरात माझाच दाखला?" त्यावर त्या काय बोलल्या ते इथं लिहिता येत नाही, बावड्याची भाषा आहे. पण दोघांचे आणि दोन्ही मावशींचे असे चार अर्ज आम्ही त्यांच्याच डायनिंग टेबलावर बसून भरले. फोटोची साइज मोठी झाली की साइट अपलोड घेत नाही, तेवढ्यातच जरा वेळ गेला.

कोल्हापुरात कुणी पाळणाघर चालवत असेल आणि अर्जात अडत असेल तर मेसेज करा. रविवारी मी मोकळी असते. नोकरी देणाऱ्याच्या पत्राचा मराठी नमुना माझ्याकडं तयार आहे, तो पाठवते. नवऱ्याचं आणि भाच्याचं पत्र कोण देणार, हे मात्र मला अजून सुटलेलं नाही. पोलीस खात्यातलं कुणी वाचत असेल तर सांगा.