बारा तास, दहा वाचने आणि ‘९० टक्के’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, उठत आला की सोलापुरातल्या दहावीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश नव्याने फिरू लागतो. हमखास गुण वाढवणारी पाच सूत्रे त्यात दिलेली असतात: पहाटे चारला उठावे, रोज बारा तास अभ्यासाला बसावे, प्रत्येक धडा दहा वेळा वाचून महत्त्वाच्या ओळी रंगवाव्यात, वाचलेले १० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेले ९० टक्के लक्षात राहते हे ध्यानी धरावे, आणि शेवटच्या महिन्यात फक्त अपेक्षित प्रश्न घोकावेत. शहराच्या पूर्व भागात मी संध्याकाळी गणित आणि विज्ञान शिकवतो. हा संदेश मनापासून पाळणारी, कष्टाळू आणि तरीही गुणांत मागे राहणारी मुले माझ्यासमोर बसतात, म्हणून हे उत्तर.

सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या सूत्राने होते, तेव्हा आधी तेच घेतो. एका मुलीने विज्ञान भाग १ चे पुस्तक मोठ्या अभिमानाने आणून दाखवले. ‘गुरुत्वाकर्षण’ या धड्यात पिवळ्या रंगाने न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती. पुस्तक मिटवून तिला केप्लरचा तिसरा नियम लिहायला सांगितला, तेव्हा ‘आवर्तकालाचा वर्ग’ इथवर येऊन पेन थांबले. मात्र तो नियम पानावर नेमका कुठे छापला आहे, हे तिने चटकन सांगितले. वारंवार वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळख म्हणजेच पाठांतर, असा समज होतो. परीक्षेत पुस्तक समोर नसल्यामुळे ओळखीचा उपयोग नसतो, आठवावे लागते.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे तपासून प्रसिद्ध केले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला; नंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले आणि दुसरे ५६ टक्क्यांवर राहिले. ‘दहा वेळा वाचा’ हा सल्ला पालकांना खरा का वाटतो, हेही या आकड्यांतून कळते: मूल वाचून उठले की आपण लगेच विचारतो आणि ते धडाधडा सांगते.

आमच्याकडच्या आयांना हे समजावायला फार वेळ लागत नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकजणी विड्या वळतात. तेंदूचे पान कापणे, तंबाखू भरणे आणि दोरा गुंडाळणे त्या दुसरीच्या हातांकडे नुसते पाहत बसून शिकल्या नाहीत; स्वतः वळलेल्या आणि तपासणीत बाजूला काढल्या गेलेल्या विड्यांनीच हात कुठे चुकतो ते दाखवले.

१० ते ९० टक्क्यांच्या तक्त्याला काहीही आधार नाही. तो एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांच्या नावावर खपवला जातो, पण त्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या ‘अनुभवाच्या शंकू’त, म्हणजे शिकण्याच्या अनुभवांच्या आकृतीत, टक्केवारी मुळी नव्हतीच, ती नंतर कोणीतरी चिकटवली. इतके गोल आकडे पाहूनच खरे तर शंका यायला हवी होती. दुसऱ्याला शिकवल्याने फायदा होतो हे मान्य, पण तो होतो कारण शिकवताना न पाहता आठवावे लागते.

पहाटे चारच्या सूत्रात थोडे तथ्य आहे. ज्या घरात एकच खोली आहे आणि शेजारी यंत्रमाग खडखडतो, तिथे पहाटेचीच वेळ काय ती शांत असते, आणि मार्चमधल्या सोलापुरी दुपारी पत्र्याखाली बसून कोणाचेही डोके चालत नाही. परंतु तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तासांची झोप लागते, असे अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नमूद केले आहे. चारला उठायचे तर रात्री आठला, किंबहुना त्याआधीच, अंथरुणावर पडावे लागेल. घरातला टीव्ही अकराला बंद होत असेल, तर मुलाची झोप पाच तासांची होते आणि जे पाठ केले ते पक्के होण्याची वेळच कापली जाते. बारा तासांबद्दल तर बेरीजच पुरे: शाळेचे सहा तास धरले की जेवण, झोप आणि आंघोळ यांना मिळून सहा तास उरतात.

अपेक्षित प्रश्नांचे सूत्र दहावीच्या गुणरचनेपुढे टिकत नाही. बहुतेक विषयांत ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात, आणि गणिताचे ८० गुण चाळीस-चाळीसच्या दोन पेपरांत विभागलेले असतात. चाळीस गुणांच्या पेपरात अंदाजावर सोडून दिलेला एक धडा फार महागात पडतो. अंदाज बांधायचाच असेल तर तो आपल्याच तपासलेल्या उत्तरपत्रिकेवरून बांधावा. एका मुलाला सराव परीक्षेत भूमितीत २६ गुण मिळाले. गेलेल्या १४ गुणांचा हिशेब आम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडला: सिद्धतेत विधानापुढे कारण न लिहिल्याने ३, चौरस सेंटिमीटर हे एकक विसरल्याने २, वर्तुळाच्या धड्यातली प्रमेये न आल्याने ४ आणि वेळ न पुरल्याने ५. यातले पहिले पाच गुण नवीन काहीही न शिकता परत मिळणारे होते, आणि उरलेल्यांपैकी चारांसाठी एकच धडा करायचा होता. त्याने त्या दिवसापासून पुस्तक मिटून रोज दोन सिद्धता लिहायला घेतल्या, एक नवी आणि एक आठवड्यापूर्वीची, घड्याळ लावून आणि प्रत्येक विधानापुढे कारण लिहून. आता तो रात्री दहाच्या आत झोपतो. पहाटे चारचा गजर मात्र त्याच्या वडिलांनी अजून काढलेला नाही.