मुलांचं विंडसर्फिंग ऑलिम्पिकच्या मागे किती धावणार?

ज्युनियर विंडसर्फिंगच्या (शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पळायचा खेळ) कुठल्याही स्पर्धेला जा, किनाऱ्यावर पालक आणि कोच यांच्यात एकच विषय चाललेला असतो: मुलांना फॉइलवर कधी न्यायचं? फॉइल म्हणजे बोर्डाखाली दांड्यावर बसवलेला पंख, जो वेगात बोर्ड पाण्याच्या वर उचलतो. कुणी म्हणतं बाराव्या वर्षीच न्या, नाहीतर पोरं मागे पडतील. कुणी म्हणतं सतरापर्यंत हातही लावू देऊ नका. मला दोन्ही पटत नाही. फॉइल येणारच आणि यायलाही हवं. पण पंधरा वर्षांखालच्या मुलांचा क्लास कसा असावा, हे ऑलिम्पिकमध्ये कुठला बोर्ड आहे ते बघून ठरवणं आपण थांबवलं पाहिजे. त्याची कारणं जरा सविस्तर लिहिते.

ज्यांचा या खेळाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लास म्हणजे एका ठरावीक साहित्याभोवती उभी राहिलेली स्पर्धा. वन-डिझाइन क्लासमध्ये सगळ्यांचा बोर्ड तोच, शीड तेच, फिन (बोर्डाखालचं उभं पातं) तोच. म्हणजे जिंकायचं ते वारा ओळखून, पालकांच्या खिशावर नाही. मुलांसाठी याहून चांगली व्यवस्था नाही. फक्त ती टिकायला हवी, आणि ऑलिम्पिकमध्ये नेमकं तेच होत नाही.

1984 साली लॉस एंजेलिसला विंडसर्फिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं, तेव्हा बोर्ड होता विंडग्लायडर. 1988 आणि 1992 ला लेखनर. 1996 ते 2004 मिस्ट्रल. 2008 पासून टोकियोपर्यंत आरएस:एक्स. 2024 ला पॅरिसमध्ये आयक्यूफॉइल, म्हणजे बोर्ड थेट पाण्याच्या वर उचलला गेला. चाळीस वर्षांत पाच वेगवेगळी साहित्यं. आज दहा वर्षांची मुलगी शिकायला आली, तर तिचं ऑलिम्पिकचं वय होईपर्यंत आणखी दहा-बारा वर्षं जाणार. तेव्हा कुठला बोर्ड असेल हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग तिला आत्तापासून "ऑलिम्पिकच्या बोर्डावर" तयार करायचं म्हणजे नक्की कशावर तयार करायचं?

शिडाच्या होड्यांचं उदाहरण घ्या. ऑप्टिमिस्ट ही लहान मुलांची चौकोनी नाकाची होडी 1947 साली क्लार्क मिल्स यांनी फ्लोरिडात काढली. ती कुठल्याच ऑलिम्पिक बोटीसारखी नाही. तरी जगभरातले कितीतरी ऑलिम्पिक सेलर तिच्यातूनच वर आले, कारण ती वारा, लाट, स्टार्ट आणि डावपेच शिकवते. वयाची अट पक्की आहे, पंधरा झाली की त्या वर्षाअखेर बाहेर. जुनी होडी धाकट्या भावाला किंवा क्लबातल्या दुसऱ्या मुलाला मिळते आणि तो तिच्यावर तितक्याच हक्कानं शर्यत लावतो.

विंडसर्फिंगमध्ये याच्या सगळ्यात जवळ कोण आलं असेल, तर टेक्नो 293 हा बोर्ड. लांबी 293 सेंटिमीटर, रुंदी 79, आकारमान 205 लिटर. वर घेता येणारा डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मधलं मोठं उभं पातं) आहे, त्यामुळे कमी वाऱ्यातही वाऱ्याकडे चढता येतं. पंधराखालच्यांना 6.8 चौरस मीटरचं शीड, सतराखालच्यांना 7.8. युवा ऑलिम्पिकमध्येही 2010 ला सिंगापूर, 2014 ला नानजिंग आणि 2018 ला ब्यूनोस आयर्स (तिथे त्याचीच मोठ्या शिडाची प्लस आवृत्ती) असा तीनदा हाच बोर्ड होता. दणकट आहे, दगडावर आपटला तर दुरुस्त होतो, जुना सहज विकला जातो. आता काही जण त्याला म्हातारा म्हणून बाजूला सारतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

त्याच्या उणिवा मात्र झाकायच्या नाहीत. पाच-सहा नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वाऱ्यात टेक्नोची शर्यत सेफ्टी बोटीतून जवळून बघा. बोर्डाच्या नियमांत पंपिंगला मोकळीक आहे, म्हणजे शीड सतत ओढून-सोडून पुढे जायचं. पहिल्या मार्कपर्यंत (शर्यतीत वळसा घालायची तरंगती खूण) पोरांचे खांदे भरून आलेले असतात. पस्तीस किलोची मुलगी बूमला (शीड धरायचा आडवा दांडा) लोंबकळत पंप करते, आणि तिच्या पुढे त्याच वयोगटातला साठ किलोचा मुलगा लांब हातांनी सावकाश निघून जातो. तिला वारा कुठून येणार ते बरोबर दिसलेलं असतं, डावी बाजूही तिनं बरोबर धरलेली असते. पण ते निकालात उतरत नाही. असे दोन मोसम गेले की ती खेळ सोडते.

माझ्या मते खरी दुरुस्ती इथे हवी, आणि ती बोर्डाची नाही, गट पाडण्याच्या पद्धतीची. वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतात. जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल एकाच गटात. तेरा-चौदाव्या वर्षी हा अकरा महिन्यांचा फरक प्रचंड असतो. शिवाय वजनाचा परिणाम वाऱ्यागणिक उलटतो. बोर्ड जेमतेम प्लेनिंगला (पाण्यावर घसरत सुटायला) येतोय अशा वाऱ्यात हलकं मूल आधी सुटतं आणि जड मूल बसून राहतं. वारा वीस नॉटवर गेला की हलक्या मुलाला शीड धरवत नाही आणि जड मूल सरळ निघून जातं. म्हणून नुसतं वय किंवा नुसतं वजन धरून गट करू नयेत. मला वाटतं, पंधराखालच्यांत वय तेच ठेवावं, पण शिडाचे दोन आकार मान्य करावेत आणि ठरावीक वजनाखालच्या मुलांना लहान शीड निवडायची परवानगी असावी. निवड मोसमाच्या सुरुवातीला एकदाच, रोज सकाळी वारा बघून नाही. एकच फ्लीट (एकत्र शर्यत लावणारा गट), एकच स्टार्ट, पण लहान शिडाचा निकाल वेगळाही लागावा. जाहीर करायला जरा वेळ जास्त जाईल, तो जाऊ द्यावा.

आता फॉइल. ज्यांनी ते मुलांना पहिल्यांदा उडताना पाहिलंय त्यांना मी काय वेगळं सांगणार? आठ-नऊ नॉटमध्ये, जिथे टेक्नो पाणी ढकलत बसतो, तिथे फॉइल उचलतं आणि सगळा आवाज एकदम थांबतो. मूल आधी घाबरतं, मग हसतं, मग परत परत तेच करतं. कमी वाऱ्याच्या ठिकाणांसाठी तर हे वरदान आहे, कारण एकदा उचललं की पंपिंग जवळपास संपतं आणि लहान शीडही पुरतं. मुलांना या खेळात टिकवून ठेवायची ताकद फॉइलमध्ये आहे, हे फिनवाल्यांनी मान्य करायला हवं.

पण मोठ्यांचं साहित्य मुलांच्या अंगावर घालायचं नाही. आयक्यूफॉइलचा बोर्ड 95 सेंटिमीटर रुंद, खालचा दांडा 95 सेंटिमीटरचा, पुढचा पंख 900 चौरस सेंटिमीटर, आणि बहुतेक सगळं कार्बनचं. तो पाण्यात न्यायचा तर कमरेच्या वर पाणी येईपर्यंत बोर्ड आडवा धरून चालावं लागतं, लाट आली की पंख मांडीला लागतो. बारा वर्षांच्या मुलानं हे का करावं? मुलांसाठी आखूड दांडा, मोठा आणि संथ पंख, स्वस्त ॲल्युमिनियम, बोथट कडा असं फॉइल हवं. हेल्मेट आणि इम्पॅक्ट जॅकेट सक्तीचं हवं, त्यात कुठलीही सूट नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकाच बोर्डाला आज फिन आणि उद्या फॉइल लावता आलं पाहिजे. टेक्नो विंडफॉइल क्लास निघाला तो या दिशेनं पडलेलं चांगलं पाऊल आहे. पालकांना दोन बोर्ड घ्यायला लावलेत तर अर्धे पालक पहिला बोर्डही घेणार नाहीत.

मी क्रम असा धरते: तेरापर्यंत फक्त फिन, पंधरापर्यंत दोन्ही, पण गुण दोन्हींचे मिळून. म्हणजे कोच फक्त फॉइल घोटवून घेऊन मुलाला वर काढू शकणार नाही, आणि फॉइल न परवडणाऱ्याला त्या आठवड्यापुरतं आयोजकांनी द्यायचं.

स्पर्धेच्या स्वरूपाबद्दलही बोलायला हवं. पॅरिसला ब्रिटनच्या एमा विल्सननं सुरुवातीच्या शर्यतींच्या मालिकेत भरघोस आघाडी घेतली होती, पण पदकं एका शेवटच्या शर्यतीवर ठरली आणि तिला कांस्यपदकावर थांबावं लागलं. टीव्हीसाठी हे थरारक असेल. मोठे खेळाडू समजून-उमजून त्यात उतरतात. पण हेच बाद फेऱ्यांचं स्वरूप आता मुलांच्या स्पर्धांमध्ये झिरपायला लागलंय, ते मला अजिबात मान्य नाही. पंधराखालच्या मुलाला दिवसभरात चार-पाच छोट्या शर्यती मिळाव्यात, सगळ्यात वाईट शर्यत वगळली जावी, आणि शेवटच्या दिवशीही शेवटच्या नंबरचं मूल पाण्यात असावं. प्रवास करून आलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी "तू बाहेर, आता किनाऱ्यावर बस" हे सांगायला आपण स्पर्धा भरवत नाही.

शिडाच्या खर्चाचं एक वाक्यात सांगते: एका मोसमाला एका मुलाच्या नावावर एकच शीड शिक्का मारून नोंदवा, म्हणजे दर स्पर्धेला नवं कडक शीड आणण्याची शर्यत आपोआप बंद होईल.

आणि शेवटचा मुद्दा, जो आयोजकांनी हसण्यावारी नेऊ नये अशी विनंती आहे. दूरच्या स्पर्धेला जायचं तर सगळ्यात मोठी अडचण बोर्ड नेण्याची असते. विमानात 293 सेंटिमीटरची पेटी चढवणं म्हणजे खर्च आणि मनस्ताप दोन्ही. वन-डिझाइनचा खरा फायदा इथे घेता येतो: यजमान क्लबांनी मिळून बोर्डांचा एक संच ठेवावा, मुलांनी फक्त आपली रिग (शीड, त्याची काठी आणि बूम) आणावी, आणि बोर्ड पहिल्या सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटावेत. वाटपात नाराजी होईल हे मला माहीत आहे. म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठ्या टाकाव्यात आणि बोर्ड बदलावेत. ज्या क्लबांकडे असा संच उभा करायची तयारी आहे त्यांनी इथेच कमेंटमध्ये लिहा, पुढच्या मोसमाच्या तारखा ठरण्याआधी आपण बसून बोलू.