‘युरोप एकच देश’ म्हणे!

“युरोप आता एकच देश समजा. एक व्हिसा, एक चलन, एक रेल्वे पास! ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्याचा व्हिसा काढा आणि हवं तिथे फिरा. युरोच्या नोटाच न्या, कार्डावर लुबाडतात. पाणी महाग, शाकाहारी माणूस उपाशी राहतो, म्हणून बॅगेत तूप, पेढे, फळं भरपूर घ्या.”

हा मेसेज मला आठवड्यात चार ग्रुपांवर आला. शेजारच्या काकांनी तर त्याची प्रिंटच काढून आणली. “अगं, हे बरोबर आहे ना? आम्ही मेमध्ये निघतोय.” काका-काकू टूरबरोबर नाही, आपले आपण जाणार होते: तीन रात्री पॅरिस, मग तीन रात्री लंडनला भाचीकडे, पाच स्वित्झर्लंड, तीन रोम. त्यांच्या डायनिंग टेबलावर बसून एकेका ओळीवर पेन्सिल फिरवली, तेच इथे लिहिते.

“एक व्हिसा, कुठलाही देश.” शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्यात आज २९ देश आहेत आणि एका व्हिसावर ते सगळे फिरता येतात, इतकं खरं. पण ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. भाचीकडे जायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागणार, हे काकांना त्या दिवशीच कळलं. उलट स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे.

आता ‘अपॉइंटमेंट मिळेल तो देश’. हा सल्ला सगळ्यांत घातक. नियम असा की ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. काका उतरणार पॅरिसला, पण मुक्काम जास्त स्वित्झर्लंडचा. म्हणजे अर्ज स्विस. एजंटाने त्यांना भलत्याच तिसऱ्या देशाची तारीख मिळवून दिली होती, जिथे ते पाऊलही ठेवणार नव्हते. असा अर्ज नाकारला गेला तर माणशी ९० युरो फी परत मिळत नाही, आणि खोटा कार्यक्रम दाखवून व्हिसा मिळाला तरी तो रद्द होऊ शकतो. हॉटेलची बुकिंगं विमानतळावरचा अधिकारीसुद्धा मागू शकतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी एप्रिलमध्ये जागे झालं की मग ‘मिळेल तो देश’ सुचायला लागतो.

दुसरी गोम लंडनची. पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर झ्युरिकला परत आत येता येणार नाही. एक तर अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागायचा, नाहीतर लंडन आधी उरकायचं. काकांना दुसरा मार्ग पटला.

आणि व्हिसा हातात आल्यावर तो नीट वाचा. स्टिकरवर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, त्याखाली दिवसांचा वेगळा रकाना असतो. तारखांमध्ये महिना दिसतो आणि रकान्यात १५ लिहिलेलं असतं. राहायला मिळतात ते १५ दिवस, महिना नाही. उतरल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. विमान रात्री पावणेबाराला उतरलं तरी तो एक दिवस गेलाच.

“एक चलन, आणि नोटाच.” स्वित्झर्लंडात फ्रँक, चेक प्रजासत्ताकात कोरुना, हंगेरीत फोरिंट, पोलंडमध्ये झ्लोटी. स्विस दुकानदार पुष्कळदा युरोची नोट घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि भाव त्यांचा. शिवाय भारतातून निघताना नोटांच्या रूपात माणशी ३,००० डॉलरइतकंच परकीय चलन नेता येतं, तेव्हा ‘सगळं रोख’ हा बेत मोठ्या सहलीत तसाही बसत नाही.

कार्डावर लुबाडतात यात थोडं तथ्य आहे, फक्त लुबाडू देणारे आपणच असतो. प्राग शहरात मी एटीएमसमोर उभी होते. पडद्यावर विचारलं, रक्कम रुपयांत कापू का? रुपयाचं नाव बघून मला घरच्यासारखं वाटलं आणि मी हो म्हटलं. रुपयांत कापायचा तो दर त्या यंत्राच्या मालकाने ठरवलेला होता. हॉटेलवर येऊन हिशेब केला तेव्हा कळलं की दोन वेळच्या जेवणाचे पैसे तिथेच गेले. एटीएम असो वा दुकानातलं मशीन, रुपयांचा पर्याय दिसला की नको म्हणायचं आणि तिथलं स्थानिक चलन निवडायचं. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर तो बंदच असतो. आयफेल टॉवरच्या तिकिटाला यूपीआय चालतं, म्हणून सगळीकडे चालेल असं समजू नका. थोडी रोख हवीच, विशेषतः नाणी. जर्मनीतल्या स्टेशनावर स्वच्छतागृहाचेही पैसे पडतात.

“पास काढला की तिकिटाची कटकट नाही.” पास असला तरी फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना जागा आरक्षित करावी लागते, त्याचे पैसे वेगळे, आणि टीजीव्हीत पासवाल्यांसाठीच्या जागाही मोजक्या. स्वित्झर्लंडच्या बर्फाळ डोंगरावरच्या युंगफ्राउयोख स्टेशनला जायला पासावर सवलत मिळते, फुकट नेत नाहीत. मोबाइलमधला पास असेल तर गाडीत चढण्याआधी प्रत्येक प्रवास त्यात नोंदवायचा. काकांसारखे तीनच मोठे प्रवास असतील तर दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. रोज गाडीत बसून जर्मनी, ऑस्ट्रिया पालथं घालणाऱ्यांनी पास जरूर घ्यावा; तिथे बऱ्याच गाड्यांना आरक्षण लागत नाही. इटलीत पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट मात्र चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उमटवा. विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड.

“तूप, पेढे, फळं.” इथे काकूंचा चेहरा पडला. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, पनीर गेलं. खव्याचे पेढे कशात मोडतात यावर विमानतळावर वाद घालायचा असेल तर खुशाल न्या. ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. मे महिना असला तरी हापूस नाही. कढीपत्त्याची जुडीही नाही. चकली, भडंग, खाकरा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या.

उपाशी कोणी राहत नाही. फलाफल, पिझ्झा, सुपरमार्केटातलं ब्रेड आणि फळं आहेतच. कडक शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा: अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या द्रव्याने विरजतात. म्हणून ‘वरून चीज नको’ हे इटालियनमध्ये लिहून जवळ ठेवा.

“पाणी महाग.” बाटलीतलं, हो. पण नळाचं पाणी पिण्याजोगं असतं आणि फ्रान्सच्या उपाहारगृहात जेवताना मागितलं तर नळाच्या पाण्याचा जग फुकट मिळतो. रोममध्ये रस्तोरस्ती अडीच हजारांच्या आसपास लोखंडी नळ अखंड वाहत असतात. त्यांना नाझोनी म्हणतात. बाटली धरायला तोटी बरोबर असते, पण नुसतं प्यायला वाकावं लागतं आणि काकांची कंबर धरलेली. तोटीचं तोंड बोटाने दाबायचं, वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार तोंडाच्या उंचीवर उडते.