तारीख पोचली का, हे कोण बघणार?

लंडनच्या हॅरो भागात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एक मराठी काकू राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. काका गेल्यापासून एकट्याच असतात. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं आणि चतुर्थी-एकादशीच्या खाली बॉलपेनने दवाखान्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. मागच्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी त्यांचा फोन आला, "अगं, जरा येऊन जातेस का? हॉस्पिटलचं पत्र आलंय, पण तारीख चुकलेली दिसते."

तारीख चुकलेली नव्हती. पत्रावर ३ मार्च छापलेलं होतं, अपॉइंटमेंट होती १७ मार्चला सकाळी ९:४० ची, आणि पत्र दारात पडलं १९ तारखेला.

काकूंना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब ठरावीक काळाने मोजून घ्यावाच लागतो, कारण या आजारात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची असते. आठवड्याभराने दुसरं पत्र आलं. आपण हजर राहिला नाहीत, म्हणून आपलं नाव क्लिनिकमधून कमी करून आपल्याला पुन्हा जीपीकडे, म्हणजे घराजवळच्या डॉक्टरकडे, पाठवत आहोत. काकू ते पत्र हातात धरून दोनदा म्हणाल्या, "मी अशी कधी वागले नाही गं."

मी फोन लावला. चाळीस मिनिटांनी एका बाईंनी उचलला. बोलायला चांगल्या होत्या, लिफाफ्यावरचा शिक्का बघायला सांगितला आणि नवी तारीख दिली. पण चाळीस मिनिटं इंग्रजीतून किल्ला लढवायला काकूंकडे मी होते. जिच्याकडे कोणी नाही तिने काय करायचं, हा प्रश्न मनातून जात नाही.

नेमका याच सुमारास आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला होता. पुण्याचा मामेभाऊ म्हणत होता की सरकारी दवाखान्यात क्यूआर कोड लावून काही होत नाही, इंग्लंडसारखी सगळी ओपीडी अपॉइंटमेंटवर न्यायला हवी. साताऱ्याच्या आत्याचं म्हणणं उलटं. "तुमच्या लंडनला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. आपल्याकडे सकाळी रांगेत उभं राहिलं की दुपारी औषध घेऊन घरी." मग दोघांनीही मला विचारलं, तू तिथे राहतेस, तूच सांग.

आत्याचं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये जीपीने चिठ्ठी दिल्यापासून १८ आठवड्यांत ९२ टक्के रुग्णांचे उपचार सुरू व्हावेत असा नियम आहे आणि २०१६ पासून तो पाळला गेलेला नाही. २०२५ मध्ये प्रतीक्षा यादी ७० लाखांच्या वर होती. इतकं थांबून मिळालेली तारीख पत्र उशिरा आल्यामुळे हुकली, तर ते नुसतं गैरसोयीचं नाही, अन्यायाचं आहे.

पण आत्या म्हणते ती रांगही मी पाहिलेली आहे. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत गावी होते. बाबांना मधुमेह आहे, पायाची जखम भरत नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी तपासलं आणि तोंडी सांगितलं, "पुढच्या मंगळवारी या." केस पेपरवर औषधं लिहिली, तारीख नाही. मंगळवारी आम्ही सहाची एसटी पकडली, साडेसातला खिडकीसमोर उभे राहिलो, दहा वाजता आमचा नंबर लागला, आणि ओपीडीच्या दाराशी मावशींनी सांगितलं, डॉक्टर आज कॅम्पला गेलेत, आता पुढच्या मंगळवारी. बाबा दुखऱ्या पायाने बाकावर बसून राहिले. आमच्याबरोबर असे वीस-पंचवीस जण होते. प्रत्येकाने रजिस्टरमध्ये मोबाइल नंबर दिलेला होता. एकालाही फोन गेला नव्हता.

म्हणून मला वाटतं, ग्रुपवरच्या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. ऑक्टोबर २०२२ पासून आलेल्या 'स्कॅन अँड शेअर'मध्ये रुग्ण दवाखान्यातला कोड स्कॅन करतो, त्याच्या 'आभा' या डिजिटल आरोग्य खात्यातली माहिती खिडकीवर जाते आणि टोकन मिळतं. केस पेपरची रांग त्याने कमी होते आणि ते स्वागतार्हच आहे. पण हे सगळं रुग्ण दवाखान्यात पोचल्यावरचं. आज यायचं की नाही, डॉक्टर आहेत की नाही, हे त्याला घरून निघण्याआधी कोणी सांगत नाही. ऑनलाइन नोंदणीचं सरकारी पोर्टल २०१५ पासून आहे, पण बाबांना 'पुढच्या मंगळवारी या' हे तोंडीच सांगितलं जातं.

इंग्लंडने या निरोपाचा खूप विचार केला आहे, आणि त्यातलं घेण्यासारखं आहे ते घ्यावं. इथे वर्षाला सत्तर-ऐंशी लाख ओपीडी अपॉइंटमेंट्स रुग्ण न आल्याने वाया जातात. लंडनच्या बार्ट्स हेल्थ ट्रस्ट या सरकारी रुग्णालयांच्या समूहात आठवणीच्या एसएमएसचे शब्द बदलून पाहिले गेले, तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. साध्या संदेशानंतर ११.१ टक्के लोक गैरहजर राहत. न आल्यास आरोग्यसेवेचं सुमारे १६० पौंडांचं नुकसान होतं, हे एक वाक्य संदेशात घातल्यावर ते प्रमाण ८.४ टक्क्यांवर आलं. शब्दांत एवढी ताकद असते. तरीही तेच वाक्य काकूंच्या वाट्याला आलं असतं तर मला सहन झालं नसतं. गैरहजर राहिलेल्यांत निष्काळजी किती आणि निरोपच न मिळालेले किती, हे आधी वेगळं करायला हवं.

आता इथे सगळं एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ॲपवर नेण्याचा आग्रह आहे. पत्रं तर आणखी मंदावणार, कारण जुलै २०२५ पासून दुसऱ्या वर्गाची टपाल पत्रं एक दिवसाआड वाटायला नियामकाने मुभा दिली आहे. माझ्यासारखीला ॲप उत्तम. काकूंकडेही स्मार्टफोन आहे, नातवाशी रोज व्हिडिओवर बोलतात. पण ॲपसाठी ओळखपत्राचा फोटो काढा, चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवा, इथे त्या अडकल्या. शिवाय बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या लिंकांना त्या इतक्या घाबरतात की हॉस्पिटलच्या एसएमएसमधली लिंकही त्यांनी कधी उघडलेली नाही. त्यात त्यांची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

मामेभावाला मी लिहिलं ते हे. अपॉइंटमेंट पद्धत जरूर आणा, पण तारीख रुग्णापर्यंत पोचली की नाही हे बघण्याची जबाबदारी रुग्णालयाची ठेवा. केस पेपरवर तारीख, वार आणि ओपीडीचा फोन नंबर ठळक लिहा. एसएमएस मराठीत पाठवा आणि त्यात वार घाला, कारण आपल्याकडे माणसं वारावर चालतात. नंबर कोणाचा आहे ते विचारा. बाबांच्या नावापुढे पुण्याच्या भावाचा नंबर आहे, तो कामावर असताना आलेला संदेश बाबांपर्यंत रात्री पोचतो. डॉक्टर नसतील तर आदल्या दिवशी फोन करा. आणि कोणी आलं नाही तर नाव कापण्याआधी एकदा, निदान एकदा, माणसाने माणसाला फोन करावा. मनुष्यबळ कुठून आणायचं, असं मामेभाऊ म्हणाला. मंगळवारी त्या बाकावर बसलेल्या पंचवीस जणांचा बुडालेला रोज मोज, एवढंच मी म्हटलं.

काकूंच्या बाबतीत एक गोष्ट मला उशिरा कळली. ज्यांना दिसायला त्रास होतो त्यांना मोठ्या अक्षरात पत्र देणं इथल्या आरोग्यसेवेवर २०१६ पासून बंधनकारक आहे. फक्त आपली गरज नोंदलेली असावी लागते. इतकी वर्षं डोळ्यांच्याच विभागातून बारीक अक्षरातली पत्रं येत होती आणि काकू भिंग घेऊन वाचत होत्या, कारण असं काही मागता येतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही नोंद करवून घेतली, आणि निरोप पत्राबरोबर फोनवरही हवा असं लिहून दिलं.

परवा त्यांच्याकडे गेले तेव्हा नवं पत्र टेबलावर होतं, तारखेच्या तीन आठवडे आधी आलेलं. भिंग ड्रॉवरमध्येच होतं. काकूंनी पत्र उचललं, खिडकीशी नेलं आणि मला दिवस, वेळ, खोली क्रमांक सगळं वाचून दाखवलं. मग बॉलपेन घेऊन कालनिर्णयापाशी गेल्या.